प्रवास लिहिणारे आणि त्यांची दलाली

कापडाच्या धंद्यात दलाल हा काही वाईट शब्द नाही. सुरतेला किंवा इचलकरंजीला माल घ्यायला गेलो की दलाल सोबत असतो. त्याची दलाली किती, हे घेणाऱ्यालाही ठाऊक असते आणि देणाऱ्यालाही. म्हणून त्याने एखाद्या तागाची तारीफ केली, की आपण त्याच्या बोलण्यातून त्याची दलाली वजा करतो आणि उरलेल्या शब्दांवर विश्वास ठेवतो. या उघडेपणावरच बाजार चालतो.

आता बाजारात आणखी एक दलाल आला आहे, पण तो स्वतःला दलाल म्हणवून घेत नाही. तो गावोगाव फिरतो, हॉटेलात उतरतो, बिर्याणी खातो, साडी-शाल पाहतो आणि हे सारे मोबाइलवर लिहून टाकतो. हजारो, कधी लाखो लोक ते वाचतात. कुठे उतरायचे, काय खायचे, कोणत्या दुकानातून काय आणायचे, हे त्यावरून ठरवतात. या प्रवासलेखकांकडे आपले बरेच व्यापारी बंधू एक तर रिकामटेकडी मंडळी म्हणून पाहतात, नाही तर गिऱ्हाईक आणून देणारी जादू म्हणून. माझ्या मते दोन्ही चूक आहे. प्रवास लिहिणारा माणूस बाजाराला फार उपयोगी आहे. फक्त त्याने कोणाचे मीठ खाल्ले, हे सांगितले पाहिजे.

सफरनामा लिहिण्याचे काम काही आजचे नाही. त्यात व्यापाऱ्यांचा हात तर फार जुना आहे. इ.स. 851 च्या सुमारास अरबी भाषेत हिंद आणि चीनच्या प्रवासाची जी हकीकत लिहिली गेली, ती सुलेमान नावाच्या व्यापाऱ्याची म्हणून ओळखली जाते. पूर्वेकडच्या एका राज्यातले सुती कापड इतके तलम असते की ते अंगठीतून आरपार निघते, असे तीत आले आहे. हे राज्य बंगालच्या बाजूचे असावे, असे मानतात. ऐकणाऱ्याला ही थाप वाटेल. म्हणून तसे कापड आपण डोळ्यांनी पाहिल्याचेही त्यात नमूद केले आहे. हीच व्यापाऱ्याची रीत. दावा मोठा असेल तर नमुना पाहिल्याशिवाय बोलायचे नाही.

इब्ने बतूताचे नाव सर्वांना ठाऊक आहे. 1325 मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी तो तांजियरहून निघाला आणि 1333 मध्ये हिंदुस्थानात पोहोचला. सुलतान मुहम्मद बिन तुघलकाने त्याला दिल्लीचा काझी नेमले. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. वर्षाला 12 हजार दिनार पगार मिळाला, खिलअत मिळाली, गावे मिळाली आणि व्यापाऱ्यांचे झालेले 55 हजार दिनार कर्ज फेडण्यासाठी सुलतानाकडे अर्ज करावा लागला, हे सारे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. सुलतानाला नजराणा देण्यासाठी व्यापारी नवख्या पाहुण्यांना कर्ज देत आणि सुलतानाकडून मोठे इनाम आले की नफ्यासह वसूल करत, हा धंदासुद्धा त्याने उघड केला. सुलतानाच्या दानतीचे त्याने कौतुक केले, तसे त्याच्या क्रूर शिक्षांचेही वर्णन केले. हे सगळे त्याने मोरोक्कोला परतल्यावर, दिल्लीच्या दरबाराची भीती उरली नव्हती तेव्हा लिहवून घेतले, ही गोष्टही विसरू नये. तरीपण वाचणाऱ्याला त्याचे पूर्ण खाते मिळते. कोणाकडून काय घेतले हे समोर असल्यामुळे कोणत्या तारीफेला किती वजन द्यायचे, ते आपण ठरवू शकतो.

शिवाय त्याने भाव लिहिले. बंगालमध्ये 30 हात लांबीचे उत्तम सुती कापड दोन दिनारांना विकले जाताना त्याने पाहिले. चीनच्या बादशहाला पाठवायच्या नजराण्यात बैरमी नावाच्या सुती कापडाचे 100 नग होते आणि एकेकाची किंमत 100 दिनार होती, हेही त्याने नोंदवले. बंगालच्या स्वस्ताईची तारीफ करतानाच तिथली दमट हवा परक्या माणसाला नकोशी होते, हे सांगायला तो चुकला नाही. माल आणि मालाचा ऐब दोन्ही एकाच चिठ्ठीत!

तिसरा माणूस फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये. त्याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या आणि 1676 मध्ये त्यांची हकीकत छापली. बुऱ्हाणपूरचे तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड आणि कैरोपर्यंत जाते, असे त्याने लिहिले. त्याचबरोबर रेशमी व सुती कापडात लांबी, पन्हा आणि पोत यांची लबाडी कशी होते, निळीत वाळू कशी मिसळतात, दलाल व खरेदीदार मिळून धन्याला कसे फसवतात, यावर एक वेगळे प्रकरणच दिले. त्याच्यामागून येणाऱ्या व्यापाऱ्याला वाऱ्यावर सोडले नाही.

पुढे धंदेवाईक मार्गदर्शक पुस्तके आली. फ्रान्समधल्या मिशेलिन या टायर कंपनीने 1900 मध्ये मोटारवाल्यांसाठी एक पुस्तक काढले व ते 1920 पर्यंत फुकट वाटले. लोकांनी जास्त फिरावे आणि टायर जास्त झिजावेत, हा त्यातला सरळ हिशेब. पण टायर कंपनीचे नाव मुखपृष्ठावरच छापलेले होते, त्यामुळे फसवणूक कोणाची झाली नाही. या कंपनीचे पाहणी करणारे लोक आजही हॉटेलात आपली ओळख देत नाहीत आणि त्यांचे बिल कंपनी भरते. ज्याचे जेवण तोलायचे, त्याच्याकडून फुकट जेवायचे नाही, एवढाच हा नियम आहे. त्यावर त्या पुस्तकाची शंभर वर्षांची पत उभी आहे.

आता आजची स्थिती पाहा. दौलताबाद, वेरूळ, अजिंठा पाहायला येणारा माणूस आमच्या शहरात हिमरू पाहायलाही येतो. अस्सल हिमरूचा ताणा सुती आणि बाणा रेशमी. हातमागावर त्याची नक्षी ओळीमागून ओळ बसवावी लागते आणि एका शालीत कारागिराचे कितीतरी दिवस जातात. यंत्रावर तशीच दिसणारी शाल काही वेळात निघते. यंत्राची शाल विकणे हा गुन्हा नाही, गरीब गिऱ्हाईकाला तीही हवी असते. पण तिला हातमागाची म्हणणे ही सरळ फसवणूक आहे.

गेल्या वर्षी एक तरुण प्रवासलेखक दुकानात आला. बोलायला गोड, कॅमेरा भारी. म्हणाला, "चाचा, दोन शाली आणि वरती थोडी रक्कम द्या, मी असे लिहितो की रांग लागेल." मी विचारले, "मागावर चलता का? कारागीर विणताना दाखवतो." तो म्हणाला, "त्याची गरज नाही, शालीचे फोटो पुरे आहेत." मी चहा पाजला, शाली दिल्या नाहीत. मला राग त्याच्या मागणीचा आला नाही. फिरायला पैसा लागतो, त्यालाही पोट आहे. राग याचा आला की, माल काय आहे हे जाणून न घेताच तो त्याची हमी द्यायला तयार होता.

अशा हमीचा तोटा कोणाला? पैसे देऊन लिहून घेणाऱ्या दुकानदाराला नाही. त्याचा हंगाम साधतो. वाचून आलेला पाहुणा घरी जातो, शाल धुतो, फसल्याचे कळले की चारचौघांत सांगतो की हिमरू म्हणजे थोतांड. ती बदनामी शेवटी त्या मोजक्या कारागिरांच्या माथी बसते जे अजून मागावर बसतात. खोट्या तारीफेचे बिल खरा कारागीर भरतो.

कायदाही आता स्पष्ट आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीबद्दल माल बनवणाऱ्याला आणि त्याची शिफारस करणाऱ्यालाही 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा तसे केले तर 50 लाखांपर्यंत. जून 2022 च्या नियमांनुसार शिफारस करणाऱ्याचे विक्रेत्याशी देण्या-घेण्याचे नाते असेल तर ते उघड करणे बंधनकारक आहे. जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने आणखी खुलासा केला की फुकट वस्तू, सवलत, हॉटेलचा मुक्काम, सहल हे सारे या नात्यात मोडते.

तेव्हा आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंनी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. लिहिणारा आला की चहा-पाण्याला कमी करू नये, ती मेहमाननवाजी आहे. पण माल द्यायचा तो बिल करून. जाहिरात म्हणूनच द्यायचा असेल तर त्याने तसे स्पष्ट लिहावे, ही अट आधी घालावी. त्याला दुकानापेक्षा मागाकडे न्यावे. सूत कोणते, हातमाग की यंत्रमाग, किती दिवस लागले, किंमत काय, हे एका कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावे. मालात काही ऐब असेल तर तोही सांगावा. जो प्रामाणिक असेल तो हे सारे लिहील. आणि जो लिहिणार नाही, त्याच्या तारीफेची आपल्याला गरज नाही.

शेवटची गोष्ट आपल्या तरुण मुलांसाठी. खरेदीसाठी भिवंडी, मालेगाव, सुरत, बुऱ्हाणपूर, बनारस तुम्हीच फिरता. कोणत्या बाजारात पन्ह्यात मार मिळतो, कुठला रंग पहिल्याच धुण्यात जातो, कोणती वाहतूक पेढी माल वेळेवर पोहोचवते, स्टेशनजवळ स्वच्छ खोली आणि साधे जेवण कुठे मिळते, हे तुमच्याइतके कोणत्याही हौशी प्रवाशाला कळत नाही. पण हे ज्ञान उधारीच्या वहीबरोबरच कपाटात पडून राहते. ते लिहा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, मोडकेतोडके लिहा. सुलेमान आणि ताव्हर्निये काही पेशाने लेखक नव्हते. त्यांच्याकडे व्यापाऱ्याची नजर होती, आणि ती तुमच्याकडेही आहे. फक्त प्रत्येक हकीकतीच्या खाली एक ओळ न विसरता घाला: हा प्रवास कोणाच्या पैशाने झाला.