दोन मोटारसायकली : चैन की सोय?

एका माणसाला दोन मोटारसायकली कशाला हव्यात, हा आपल्याकडे प्रश्न नसतो, टोमणा असतो. दारात दुसरी गाडी लागली की 'पैसा वर आलाय' हे ठरलेलेच. या टोमण्यात थोडे तथ्य आहे, पण थोडेच.

आपले नेरळ स्थानक पाहा. एकाच स्थानकात साडेपाच फुटी रूळ आहेत आणि दोन फुटीही. विसास एक अशा चढावर आणि घाटातल्या आवळ वळणांवर मोठी गाडी चालत नाही, म्हणून पीरभॉय कुटुंबाने १९०७ साली माथेरानची छोटी गाडी सुरू केली. ती पुण्याला जात नाही म्हणून तिला कोणी नावे ठेवीत नाही. वाट बदलली की वाहन बदलते, एवढाच त्याचा अर्थ.

मोटारसायकलींचेही तसेच आहे. शंभर सी.सी.ची स्प्लेंडर सुमारे ११० किलोची. बाजारपेठेच्या गर्दीतून ती सहज निघते, पावसाळ्यात चिखलात घसरू लागली तर पाय टेकून सावरता येते, आणि पेट्रोलही बेताने पिते. साडेतीनशे सी.सी.ची बुलेट जवळजवळ २०० किलोची. गर्दीत तिचा क्लच दाबून मनगट भरून येते. पण कर्जत-चौक मार्गे जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागा, मागे माणूस आणि सामान घ्या. मग तेच वजन आधार वाटू लागते. शेजारून ट्रक गेला तरी गाडी डगमगत नाही. हलकी गाडी तिथे धापा टाकते.

मात्र दुसरी गाडी म्हणजे दुसरा विमा, दुसरे ऑइल, दुसरे टायर. नुसती उभी राहिली तरी बॅटरी उतरते, साखळी गंजते. आपल्या वयात हा खर्च बहुधा वडिलांच्या पगारातून जातो. म्हणून आधी काम, मग गाडी. आठवड्याला लांबचा प्रवास असणाऱ्याने जुनी बुलेट घेतली तर ती सोय. कॉलेजच्या फाटकासमोर आवाज काढण्यासाठी घेतली तर ती निव्वळ चैन, मग ती घरातली एकुलती एक गाडी का असेना!

गाड्या किती, हा मुद्दाच नव्हे. प्रत्येकीला तिची वाट आहे की नाही, हा आहे. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर तर दोन्ही गाड्यांना सारखेच थांबावे लागते. तिथून पुढे मोटारगाड्यांना बंदी. बुलेटवालाही पायीच चालतो. मिरवण्यासाठी गाडी घेऊ पाहणाऱ्याने एकदा तिथपर्यंत जाऊन यावे.