खाडीच्या तोंडावरचा मिनार

मिनार म्हटलं की आमच्या मुलांना मशीदच आठवते. सातवीच्या वर्गात मी हा शब्द फळ्यावर लिहून त्याची फोड करते. अरबीत ‘मनारा’ म्हणजे उजेड ठेवायची जागा. ‘नूर’ आणि ‘मनारा’ एकाच धातूचे. इस्कंदरियाच्या त्या जगप्रसिद्ध दीपगृहालाही अरबांनी मनाराच म्हटलं, आणि उर्दूत दीपगृह आजही ‘रोशनी का मीनार’ आहे. एवढं सांगितलं की मागच्या बाकावरून ठरलेला प्रश्न येतो : ‘मॅडम, आपल्याकडे आहे का तसा?’

महाड तालुक्यात नाही. तळीये आणि आजूबाजूच्या वाड्या डोंगराला चिकटलेल्या, समुद्र इथून दूर. पण आपल्याच रायगड जिल्ह्यात, कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, कोर्लईच्या किल्ल्याच्या उतारावर एक छोटं दीपगृह आहे. अशी दीपगृहं जपायची असतील तर आधी आमच्यासारख्या डोंगरातल्या लोकांनी ती पाहायला हवीत, असं माझं मत आहे. सहकाऱ्यांना ते विचित्र वाटतं. ‘सहल न्यायचीच तर रायगड आहे, गांधारपाल्याची लेणी आहेत, दीपगृहात काय बघायचं?’

महाडहून माणगाव, कोलाड, रोहा करत साळावकडे गेलं की कोलाडपासून कुंडलिकेची सोबत मिळते. भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेल्या पाण्यावर कोलाडला राफ्टिंग चालतं, ती हीच नदी. रोह्याच्या पुढे ती रुंद होत जाते, तिची खाडी होते, आणि पलीकडे रेवदंडा दिसायला लागतो. कोर्लईचं दीपगृह उंच नाही. चित्रातल्यासारखा उंच मनोरा बघायच्या आशेनं गेलात तर निराश व्हाल. उंची डोंगरानं दिलेली असल्यामुळे इमारत बुटकी असली तरी भागतं. थोडं तिकीट काढून आत जाता येतं, पण वेळ आधी विचारून जावं.

मुलांना सर्वात आवडतं ते भिंग. एकोणिसाव्या शतकात फ्रेनेल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं काचेची कडी एकाबाहेर एक बसवून भिंग बनवायची युक्ती काढली. तेवढ्याच कामाचं अखंड भिंग भलतंच जाड आणि जड झालं असतं. या कड्यांनी लहानशा दिव्याचा उजेड एका दिशेनं मैलोन् मैल जातो. दिवसा अशा भिंगांना पडदे लावायची पद्धत आहे, कारण ऊन उलट्या बाजूनं आत शिरलं तर दिवाच जाळेल. शिवाय प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी, ठरावीक सेकंदांची. काळोखात नुसती मोजणी करून खलाशी ओळखतो की हे कोर्लई, ते दुसरं कुठलं. प्रत्येक दिव्याला नाव असतं आणि तो ते रात्रभर उच्चारत राहतो, हे मुलांना पटकन समजतं. माझं बी.एड. झालं, पण हजेरीचं इतकं चांगलं उदाहरण मला तिथे कुणी दिलं नव्हतं.

दीपगृहाच्या मागून किल्ल्यावर जायची वाट आहे. वर चढून पलीकडे पाहिलं की चौल. इसवी सन 916 च्या सुमारास अल-मसूदी इथे आला होता. त्यानं या बंदराला सैमूर म्हटलं आणि इथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात असं लिहून ठेवलं. सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले, आणि कितीतरी इथेच जन्मलेले. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या सातशे वर्षं आधीची ही गोष्ट. आमच्या मुलांना कुणी ‘तुम्ही बाहेरून कधी आलात’ असं विचारलं, तर मी त्यांना वाद घालायला शिकवत नाही. कोर्लईच्या तटावर उभं करते आणि चौल दाखवते. मात्र तिथेच थांबू देत नाही. पायाखालचा किल्ला पोर्तुगीजांचा, नंतर मराठ्यांचा. आणि पायथ्याच्या कोर्लई गावातली ख्रिस्ती माणसं आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली घरात बोलतात.

आता जपणुकीचं. फेब्रुवारी 2024 मध्ये देशातली 75 दीपगृहं पर्यटनासाठी खुली केल्याचं पंतप्रधानांनी जाहीर केलं. 1927 च्या जुन्या कायद्याच्या जागी 2021 मध्ये जो नवा कायदा आला, त्यात जुन्या दीपगृहांना वारसा म्हणून घोषित करायची सोय आहे. हे चांगलंच झालं. पण पर्यटन म्हणजे रंगरंगोटी, बाक आणि सेल्फीची चौकट एवढंच होणार असेल, तर मला त्यात रस नाही. बत्तीबरोबर ती ओळखणाऱ्यांची भाषाही जपायला हवी. कोळ्यांचा ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. जहाजाला वाट दाखवणारा ‘मालम’ हा अरबी ‘मुअल्लिम’, म्हणजे शिक्षक. माझाच पेशा! हे शब्द माहीत असलेली म्हातारी माणसं आमच्या किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांत आणि कोळीवाड्यांत आहेत, आणि दर वर्षी कमी होत आहेत. इमारत दुरुस्त करायला सरकार आहे. हे काम कुणाकडेच सोपवलेलं नाही.

‘जीपीएस आल्यावर बत्ती हवी कशाला?’ हा प्रश्न मला शहरातल्या नातेवाइकांनी विचारला. तळीयेत तो कुणी विचारणार नाही. 22 जुलै 2021 च्या संध्याकाळी इथे डोंगर खाली आला आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. महाड पाण्याखाली होतं, रस्ते बंद होते, फोन लागत नव्हते. मदत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. त्याआधी, 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री, सावित्रीवरचा जुना पूल पुरात गेला. दोन एसटी गाड्या अंधारात सरळ नदीत गेल्या. पुढच्या गाड्या थांबल्या त्या जवळच्या गॅरेजमधला एक कामगार रस्त्यावर धावला म्हणून. यातलं एकही संकट दीपगृहानं टळलं नसतं, हे मलाही कळतं. पण रेंज गेल्यावरही जी खूण धोका सांगत राहते, तिची किंमत आमच्या भागाला कळली आहे. जीपीएस हाताशी असतानाही ती पेटती राहावी, म्हणून तिचा खर्च वायफळ नव्हे.

आणि समुद्राशी आपला काय संबंध, हे तर महाडकरांनी म्हणूच नये. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते, आणि रस्ते होईपर्यंत हीच आमची वाट होती. डिसेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेला आले ते मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं. हरिहरेश्वरला उतरून खाडीमार्गे दासगावला पोहोचले. मंडपाला जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान या मुसलमानानं दिली. जागेची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, वाटेची विसरतो.

यंदा पाऊस उघडला की आठवीचा वर्ग कोर्लईला नेणार आहे. प्रत्येकाकडे एक वही असेल. होड्यांचे, वाऱ्यांचे, भरती-ओहोटीचे आणि खडकांचे शब्द कोळी आजोबांकडून, नाखुदांच्या घरांतून लिहून आणायचे, जसे ऐकू येतील तसे, मराठीत किंवा उर्दूत. तुमच्या घरात कुणी बोटीवर काम केलेलं असेल, तर त्यांना आजच विचारा की रात्री बत्ती कशी मोजायचे.