भट्टीचा धूर समोरच्या खिडकीत का येतो?

मोहल्ल्यात बेकरी असली की पावाचा वास सर्वांना हवा असतो, धूर मात्र कुणालाच नको असतो. "चिमणी एवढी उंच नेली म्हणता, मग धूर आमच्याच घरात कसा?" ही तक्रार बेकरीवाल्यांना नवी नाही. कधी गोष्ट भांडणावर जाते, हमसायाच्या हक्काचा विषय निघतो. नियत मात्र बहुधा कुणाचीच खोटी नसते. हिशेब आहे तो धुराचा झोत आणि आडवा वारा यांचा.

जुम्मेरातीला घरात लोबान जाळाल तेव्हा थोडा वेळ पंखा बंद ठेवून पाहा. धूर आधी दोरीसारखा सरळ वर चढतो आणि थोड्या उंचीवर विस्कटून खळबळू लागतो. आता पंखा लावा. दोरी लगेच वाकते. चिमणीच्या तोंडाशी हेच घडते, फक्त तिथला धूर बाहेर पडतानाच खळबळता असतो.

वाऱ्याच्या वाटेत हा झोत आला की वारा त्याला खांबासारखा वळसा घालतो. समोरून दाब जास्त, पाठीमागे कमी, म्हणून झोत वाकतो. त्याच वेळी धुराच्या पोटात एकमेकांच्या उलट फिरणारे दोन भोवरे तयार होतात. वाकलेला धूर मधोमध कापून पाहता आला, तर त्याचा आकार राजम्याच्या दाण्यासारखा दिसेल. हे भोवरे बाहेरची स्वच्छ हवा आत ओढतात. त्यामुळे स्थिर हवेपेक्षा वाऱ्यात झोत लवकर पातळ होतो. म्हणजे वारा इथे दुश्मन नाही, उलट मदतगार आहे. अट एकच: धूर आधी नळ सोडून वर उठला पाहिजे.

तो उठेल की नाही, हे धुराचा वेग वाऱ्याच्या किती पट आहे यावर ठरते. अभियंत्यांचा ठोकताळा दीडपटीचा आहे. वारा सेकंदाला 4 मीटर असेल, तर धूर किमान 6 मीटर वेगाने बाहेर पडायला हवा. त्याहून मंद असला तर तो चिमणीच्या पाठीमागच्या कमी दाबात ओढला जातो आणि नळाला लगटून खाली उतरतो.

गंमत अशी की विमानाच्या इंजिनात नेमके उलट हवे असते. तिथल्या पात्यांवरून जाणारा वायू पाते ज्या धातूचे असते त्याच्या वितळबिंदूहूनही गरम असतो. म्हणून पात्याला बारीक छिद्रे पाडून त्यांतून थंड हवा सोडतात. ती पात्याला चिकटून राहिली तर पाते वाचते. जोराने सोडली तर वर उडून जाते आणि पाते उघडे पडते.

आता आपल्या चिमणीकडे या. तिच्या तोंडावर पाऊस आत येऊ नये म्हणून पत्र्याची टोपी बसवलेली असते. माझ्या मते अर्धे दुखणे या टोपीतच आहे. वर निघालेला झोत पत्र्यावर आपटतो, त्याचा वरचा जोर संपतो आणि धूर बाजूला, खाली पसरतो. मग नळ दहा फूट वाढवला तरी खर्चाच्या मानाने फायदा थोडाच. टोपीऐवजी नळाच्या तोंडाभोवती थोडा रुंद दुसरा नळ वरपर्यंत नेता येतो. तिरका पाऊस बाहेरच्या नळावर आदळून दोघांमधल्या फटीतून निथळतो आणि धुराची वाट मोकळी राहते.

तोंड अरुंद केल्यानेही वेग वाढतो. 30 सेंटिमीटरचे तोंड 21 वर आणले तर क्षेत्रफळ जवळपास निम्मे होते. पण पंखा नसलेल्या भट्टीत हे करू नका. ओढ कमी होऊन धूर आत कारागिरांच्या डोळ्यांत जाईल.

शेजारी उंच इमारत असेल तर मात्र एवढ्याने भागत नाही. इमारतीमागेही वाऱ्याचा भोवरा असतो आणि तो धूर खाली खेचतो. त्यातून सुटायला चिमणी इमारतीच्या अडीचपट उंच लागू शकते. चार मजल्यांच्या गल्लीत हे कुणाला जमणार? शिवाय पातळ झालेला धूर नाहीसा होत नाही, पुढच्या गल्लीत जातो. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनावर यायला सांगितले. लहान बेकरीला हा खर्च सोपा नाही, हे खरेच. पण गॅसची भट्टी आली तरी गरम वायू बाहेर काढायला नळ लागतोच. तो बसवताना मिस्त्रीला आधीच सांगून ठेवा, वर टोपी नको.