उद्याचा संघ आजच पाहायला हवा

१९९३ च्या उन्हाळ्यात उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो शहरात, न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल क्लबच्या खालच्या पातळीवरच्या संघात, एकोणीस वर्षांचा एक शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, खेळत होता. त्या एका हंगामात क्षेत्ररक्षणातल्या ५६ चुका त्याच्या नावावर लागल्या. नुसता आकडा पाहणाऱ्याने हा मुलगा त्या जागेवर टिकणार नाही, असाच निष्कर्ष काढला असता. त्याच वर्षी यांकीजचा ब्रायन टेलर हा डावखुरा पिचर दोन पायऱ्या वर, डबल-ए पातळीवर चेंडू टाकत होता. १९९१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, देशभरातून पहिली निवड त्याची झाली होती आणि नुसत्या सहीसाठी क्लबने त्याला १५ लाख ५० हजार डॉलर मोजले होते. पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. टेलर मेजर लीगचा, म्हणजे सर्वोच्च पातळीचा, एकही सामना खेळू शकला नाही. ५६ चुका करणारा डेरेक जीटर ३,४६५ हिट्स आणि क्षेत्ररक्षणासाठीचे पाच गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवून निवृत्त झाला आणि २०२० मध्ये ३९७ पैकी ३९६ मते घेऊन हॉल ऑफ फेममध्ये गेला. एवढा अंदाज चुकत असेल तर मायनर लीगमधल्या, म्हणजे खालच्या पायऱ्यांवरच्या संघांतल्या, होतकरू मुलांच्या मागे चाहत्याने वेळ का घालवावा, असा प्रश्न यावर हमखास विचारला जातो. माझे मत नेमके उलट आहे. ज्याला आपल्या संघाबद्दल खरी आस्था आहे, त्याने या मुलांवर लक्ष ठेवलेच पाहिजे. संयम ठेवायचा असो की क्लबला जाब विचारायचा असो, दोन्हींसाठी माहिती लागते आणि ती खालच्या पायऱ्यांवरच मिळते.

ही रचना आपल्या क्रिकेटहून वेगळी आहे. रणजी करंडकात मुंबई किंवा विदर्भ स्वतःच्या विजेतेपदासाठी खेळतात आणि त्यातून भारतीय संघाला खेळाडू मिळत जातात. बेसबॉलमध्ये मेजर लीगचे ३० क्लब आहेत आणि सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए व ट्रिपल-ए अशा चार पायऱ्यांवर प्रत्येकाचा एकेक संलग्न संघ आहे. असे एकूण १२० संघ होतात, शिवाय त्यांच्याखाली अगदी नवख्यांच्या लीग आहेतच. सेंट लुइस कार्डिनल्सच्या ब्रँच रिकी यांनी १९२० च्या दशकापासून ही पद्धत पद्धतशीरपणे उभी केली. खेळाडूचा करार वरच्या क्लबशी असतो, पगार तोच देतो आणि कोणाला कधी बढती द्यायची हेही तोच ठरवतो. त्यामुळे खालचा संघ सामना हरला, पण त्याच्या पिचरला नवा चेंडू साधला, तर वरचा क्लब समाधानी असू शकतो. इथला धावफलक वाचण्याची रीतच निराळी आहे. खेळाडूचे वय काय, समोरचे खेळाडू त्याच्यापेक्षा किती मोठे, गेल्या वर्षी जे जमत नव्हते ते आता जमते का, हे पाहावे लागते. जीटरच्या ५६ चुका या नजरेने पाहिल्या तर चित्र बदलते. तो शाळेतून येऊन फार दिवस झाले नव्हते, फलंदाजी उत्तम चालली होती आणि हंगाम संपताच प्रशिक्षक ब्रायन बटरफिल्ड यांनी त्याच्या क्षेत्ररक्षणावर रोज मेहनत घेतली. १९९४ मध्ये तो एकाच हंगामात हाय-एपासून ट्रिपल-एपर्यंत पोचला आणि मायनर लीगमधला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

हा संयम यांकीजकडे पूर्वीपासून नव्हता. १९८० च्या दशकातली त्यांची कहाणी उतावळेपणाची आहे. मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांना याच वर्षी जिंकायचे असे आणि न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांनाही तेच हवे असे. त्यापायी घरचे खेळाडू दुसऱ्यांच्या हवाली होत गेले. १९८१ मध्ये विली मॅगी कार्डिनल्सकडे गेला आणि चार वर्षांनी नॅशनल लीगचा सर्वाधिक मौल्यवान खेळाडू झाला. १९८२ मध्ये टोरांटोला दिलेल्या फ्रेड मॅग्रिफने पुढे ४९३ होमरन मारले; तो आज हॉल ऑफ फेममध्ये आहे. १९८६ मध्ये गेलेल्या डग ड्रेबेकने पिट्सबर्गकडून सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार जिंकला. १९८८ मध्ये सिॲटलला दिलेल्या जे ब्यूनरने तिथे तीनशेहून अधिक होमरन मारले. बदल्यात आणलेल्या अनुभवी खेळाडूंनी यांकीजला काय दिले? १९८१ नंतर थेट १९९५ पर्यंत हा क्लब प्लेऑफमध्ये पोचला नाही. पैशांची चणचण त्यांना कधीच नव्हती. आपल्याच अंगणात काय वाढते आहे, ते ओळखून थांबण्याची तयारी नव्हती.

१९९० मध्ये स्टाइनब्रेनर यांच्यावर क्लबच्या कारभारात भाग घेण्याची बंदी आली आणि ती १९९३ पर्यंत टिकली. त्या काळात सरव्यवस्थापक जीन मायकल यांनी खालच्या मुलांना विकण्याचे टाळले. चाचपडत असलेल्या बर्नी विल्यम्सला त्यांनी जपले. १९९० च्या ड्राफ्टमधून अँडी पेटिट बाविसाव्या आणि होर्हे पोसाडा चोविसाव्या फेरीत आले होते. त्याच वर्षी पनामातल्या एका मासेमारी गावातून मारियानो रिवेरा हा सडपातळ पिचर काही हजार डॉलरांत करारबद्ध झाला. १९९२ मध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि त्या हिवाळ्यात नवे दोन क्लब स्थापन होऊन इतर क्लबांचे खेळाडू उचलत असताना यांकीजने त्याला राखून ठेवलेल्या खेळाडूंच्या यादीत घेतले नाही. नशिबाने दोघांपैकी कोणीही त्याला उचलले नाही. १९९६ च्या हंगामाच्या तोंडावर जीटर अजून तयार नाही, अशी शंका क्लबमध्येच निघाली आणि सिॲटलचा फेलिक्स फर्मिन आणण्यासाठी रिवेराला देऊन टाकण्याची चर्चा झाली. व्यवहार झाला नाही. त्या वर्षी जीटर सर्वोत्तम नवोदित ठरला आणि यांकीजने १९७८ नंतर प्रथमच अजिंक्यपदाची वर्ल्ड सीरिज जिंकली. १९९८, १९९९ आणि २००० मध्येही तेच जिंकले. रिवेरा २०१९ मध्ये एकमताने हॉल ऑफ फेममध्ये निवडला गेलेला इतिहासातला पहिला खेळाडू ठरला. अनुभवी म्हणवणारे लोकही घाबरून काय गमावू शकतात, हे त्या टळलेल्या व्यवहाराने दाखवले आहे. भोवतीच्या लोकांची घाई क्लबच्या निर्णयात उतरते, म्हणूनच चाहत्याच्या समजुतीला महत्त्व आहे.

यावर पहिला आक्षेप असा की ही सगळी पश्चातबुद्धी आहे. जिंकलेल्यांची नावे घ्यायची आणि टेलरसारख्या असंख्य मुलांना विसरायचे, हा हिशेब खोटा आहे. आक्षेप वजनदार आहे. मायनर लीगमध्ये खेळलेले बहुसंख्य खेळाडू मेजर लीगपर्यंत पोचत नाहीत. पण या मुलांवर लक्ष ठेवायला मी सांगतो ते पैज जिंकण्यासाठी नव्हे. टेलरचा खांदा डिसेंबर १९९३ मध्ये मैदानाबाहेरच्या मारामारीत दुखावला. ते खेळाडू हेरणाऱ्या कोणाही स्काउटच्या हिशेबात बसणारे नव्हते. त्याचा प्रवास ज्याने पाहिला आहे, त्याला दुर्दैव आणि चुकीची निवड यांतला फरक कळतो. ज्याने पाहिला नाही, तो फक्त वाया गेलेले पैसे मोजतो. ज्याला हा फरक कळतो, तो पुढच्या पहिल्या निवडीकडून चमत्काराची अपेक्षा करत नाही आणि पुढच्या बाविसाव्या फेरीतल्या मुलाला आधीच मोडीतही काढत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. या पाठलागामुळे कोवळ्या मुलांवर अपेक्षांचे ओझे पडते, त्यांच्या क्रमवारी लागतात आणि त्यांच्या नावाच्या कार्डांचा व्यापार होतो. डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या हासोन दोमिंगेसला यांकीजने २०१९ मध्ये सोळाव्या वर्षी सुमारे ५१ लाख डॉलर देऊन घेतले आणि एकही व्यावसायिक सामना खेळण्याआधी त्याची तुलना यांकीजचा जुना महान खेळाडू मिकी मँटल याच्याशी होऊ लागली. सप्टेंबर २०२३ मध्ये जस्टिन व्हरलँडरसारख्या दिग्गजाच्या चेंडूवर होमरन मारून त्याने पदार्पण केले आणि आठच सामन्यांनंतर कोपराच्या दुखापतीने त्याला बाहेर बसावे लागले. मुलांवर असे ओझे टाकणे चूक आहे, यात वाद नाही. पण ते टाकतो कोण? मुख्यतः तो, जो वर्षातून एकदा यादी वाचतो आणि पहिल्या क्रमांकाच्या नावावर स्वप्ने बांधतो. दोमिंगेसने २०२३ चा बहुतेक हंगाम डबल-एमध्ये काढला होता. तो हंगाम पाहिलेल्या माणसाला तो वीस वर्षांचा, शिकत असलेला खेळाडू म्हणून दिसतो. अपेक्षा रास्त व्हायची असेल तर ओळख जवळची हवी. यादी वाचून थांबणे हा अर्धवट पाठलाग आहे आणि त्याचा दोष पूर्ण पाठलागावर येऊ नये.

आता जाब विचारण्याबद्दल. ‘आम्ही भविष्य घडवतो आहोत’ हे वाक्य क्लबांना फार सोयीचे असते. त्याच्या आडून काय चालते, हे खाली पाहणाऱ्यालाच दिसते. २०१५ मध्ये शिकागो कब्जचा क्रिस ब्रायंट सराव हंगामात नऊ होमरन मारूनही सुरुवातीला मायनर लीगमध्ये पाठवला गेला. सेवेचे एक वर्ष भरायला १७२ दिवस लागतात. त्याचे १७१ भरले आणि क्लबला त्याच्यावर एक वर्ष अधिक हक्क मिळाला. त्याच्या क्षेत्ररक्षणावर काम हवे होते, असे क्लबचे म्हणणे होते आणि २०२० मध्ये लवादाचा निकालही क्लबच्या बाजूने लागला. पण ज्यांनी ब्रायंटचा खेळ पाहिला होता, त्यांचा प्रश्न विरून गेला नाही. क्लब आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२२ च्या करारात नामांकित होतकरू खेळाडूला हंगामाच्या आरंभापासून खेळवणाऱ्या क्लबला जादा ड्राफ्ट निवड मिळू शकेल अशी तरतूद आली आणि तो खेळाडू कोण, हे ठरवण्यासाठी जाणकारांनी केलेल्या अव्वल शंभर खेळाडूंच्या याद्या आधार मानल्या गेल्या. पगाराचेही तसेच. २०१८ मध्ये कायदा बदलून मायनर लीगच्या खेळाडूंना संघराज्याच्या किमान वेतनाच्या संरक्षणातून वगळले गेले. ट्रिपल-एच्या खेळाडूला वर्षाला सुमारे १७,५०० डॉलर मिळत. २०२१ मध्ये खेळाडूंच्या जेवणाची छायाचित्रे लोकांसमोर आली, तेव्हा संताप उसळला. २०२२ पासून क्लबांना राहण्याची सोय करावी लागली, पगारावरच्या जुन्या खटल्यात १८ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड झाली आणि खेळाडू संघटनेत आले. २०२३ च्या पहिल्या सामूहिक करारात ट्रिपल-एचा पगार ३५,८०० डॉलर झाला. हा लढा खेळाडूंचा होता आणि श्रेयही त्यांचेच. पण ज्या प्रेक्षकाला त्या मुलांची नावेही ठाऊक नाहीत, त्याला त्यांच्या ताटात काय आहे याची चौकशी करावीशी वाटत नाही.

चाहत्याच्या हाती काहीच नसते, असेही म्हटले जाते. निर्णय त्याच्या हाती नसतो हे खरे, पण गजर आणि निषेध त्याचेच असतात. यांकीजसारखा श्रीमंत क्लबही घाई करतो तो त्या आवाजाच्या धाकाने, आणि थांबतो तेव्हा त्याला त्याच आवाजाचा आधार हवा असतो. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर हे पाहणे अगदी हाताशी आहे. ज्या ब्रिजवॉटरमध्ये बालाजीचे प्रसिद्ध मंदिर आहे, तिथेच सॉमरसेट पेट्रियट्स हा संघ खेळतो आणि २०२१ पासून तो यांकीजचा डबल-ए संघ आहे. न्यू जर्सीतच वाढलेला अँथनी व्होल्पी आणि दोमिंगेस दोघेही तिथून वर गेले. २०२२ मध्ये ईस्टर्न लीगचे विजेतेपदही या संघाने मिळवले. तिकीट यांकी स्टेडियमच्या मानाने बरेच स्वस्त असते. तिथे मुलांना जरूर न्यावे, पण पुढचा तारा शोधायला नव्हे. आज चुकणारा खेळाडू कोण आहे, तो का चुकतो आणि पुढच्या महिन्यात त्यात काय सुधारले, हे त्यांना पाहू द्यावे. ज्या क्लबचे चाहते हे पाहायला शिकतात, त्या क्लबला आपली माणसे घाईने विकणेही अवघड जाते आणि त्यांना अर्धपोटी ठेवणेही.