वॉलेट संथ चालतेय? वेग मशीनला द्या, चावी कुणाला देऊ नका

घरच्या कॉम्प्युटरवर बिटकॉइनचे पूर्ण वॉलेट टाकले की बहुतेकांचा पहिला अनुभव सारखाच असतो. पडद्यावर ‘इतकी वर्षे मागे’ असा संदेश येतो, टक्केवारी दिवसभरात जेमतेम एखाद्या अंकाने सरकते, शिल्लक शून्य दिसते आणि मशीन इतके अडकते की दुसरे काही उघडत नाही. मग वेग वाढवण्याचे उपाय शोधले जातात. त्यांतले काही उपाय खरेच मशीनचे असतात, तर काही तुमच्या पैशांवर डोळा ठेवून सुचवलेले. नवख्या माणसाला दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून हा फरक नीट समजून घ्यायला हवा.

लोक स्वतःच्या वॉलेटकडे का वळले?

१८ जुलै २०२४ रोजी मुंबईच्या ‘वझीरएक्स’ या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीची क्रिप्टो चोरीला गेली. ग्राहकांना पैसे काढता येईनात. प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयापर्यंत गेले आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. ‘पैसे आपले, पण ताबा दुसऱ्याचा’ म्हणजे काय, हे नगरकरांना वेगळे सांगायला नको. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला, तेव्हा इथल्या ठेवीदारांनी ते अनुभवले आहे. फरक इतकाच, की बँकेतील ठेवीला ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे कवच असते, एक्स्चेंजवरील क्रिप्टोला ते नाही.

त्यामुळे ‘आपले आपल्याकडेच बरे’ हा विचार चुकीचा नाही. मात्र स्वतःचे वॉलेट घेतले की बँक, हिशेब तपासनीस आणि पहारेकरी या तिन्ही भूमिका आपल्याकडे येतात. सिंकला लागणारा वेळ हा यातल्या हिशेब तपासणीचा वेळ आहे.

सिंकमध्ये नेमके काय होते?

बिटकॉइनची पहिली नोंद ३ जानेवारी २००९ ची. तेव्हापासून साधारण दर १० मिनिटांना व्यवहारांचा एक ब्लॉक जोडला जातो. जून २०२५ मध्ये ब्लॉक्सची संख्या ९ लाखांवर गेली. व्यवहारांनी १०० कोटींचा टप्पा त्याआधीच ओलांडला होता. हा साठा आता ६०० जीबीच्या पलीकडे आहे.

‘बिटकॉइन कोअर’सारखे पूर्ण वॉलेट हा सगळा साठा डाउनलोड करते आणि पहिल्या नोंदीपासून तपासते. खर्च केलेले नाणे खरोखर त्या पत्त्यावर होते का, ते आधीच दुसरीकडे खर्च झालेले नाही ना, हे प्रत्येक व्यवहारासाठी पाहिले जाते. दुकानाची सोळा-सतरा वर्षांची रोजकीर्द एका बैठकीत तपासायला घ्यावी, तसे हे काम आहे. सुरुवातीच्या वर्षांतले ब्लॉक जवळपास रिकामे असल्याने ती वर्षे भरभर मागे पडतात. पुढचे ब्लॉक भरलेले असतात, तिथे गती मंदावते. म्हणजे मध्येच वेग कमी झाला तर मशीन बिघडलेच असे नाही.

शिल्लक शून्य दिसते, पैसे गेले का?

नाही. नाणी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये नसतात. ती सामाईक खतावणीत नोंदलेली असतात आणि ती खर्च करण्याची चावी तुमच्या वॉलेटमध्ये असते. तुमचा व्यवहार ज्या ब्लॉकमध्ये आहे, तिथपर्यंत तपासणी पोहोचली नसेल तर शिल्लक दिसत नाही, इतकेच. खात्री करायची तर व्यवहार क्रमांक कोणत्याही सार्वजनिक ब्लॉक एक्सप्लोररवर टाकून पाहता येतो. त्यासाठी पासवर्ड किंवा चावी लागत नाही. कोणी मागत असेल, तर तो एक्सप्लोरर नव्हे.

मग वेग कुठे अडतो?

*डिस्क :* बहुतेक घरांत दोषी हीच. खर्च न झालेल्या नाण्यांची यादी १० जीबीहून मोठी असते आणि तपासणीत तिच्यात सतत शोधाशोध करावी लागते. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला असे विखुरलेले वाचन सेकंदाला शे-दीडशेच्या आसपासच जमते. एसएसडी त्याच्या कैकपट करते. नवा कॉम्प्युटर घेण्यापेक्षा १ टीबीची एसएसडी घेऊन वॉलेटचा डेटा तिच्यावर ठेवणे जास्त उपयोगाचे. पहिल्यांदा वॉलेट सुरू करताना डेटा कुठे ठेवायचा हे विचारले जाते, तिथेच ती डिस्क निवडावी.

*मेमरी :* सेटिंग्जमधील ऑप्शन्समध्ये ‘डेटाबेस कॅश’चा आकार असतो. अनेक आवृत्त्यांत तो मुळात फक्त ४५० एमबी ठेवलेला आहे. मशीनमध्ये ८ जीबी रॅम असेल तर २ ते ३ जीबी, १६ जीबी असेल तर ६ जीबीपर्यंत कॅश द्यावी. यादीचा मोठा भाग रॅममध्ये राहिला की डिस्ककडे धाव कमी होते. सिंक संपल्यावर आकडा पुन्हा कमी करावा.

*वीज :* कॅश मोठी ठेवली तर झालेले काम अधिक वेळ रॅममध्येच राहते. लाइट गेली की डिस्कवर न उतरलेले काम पुन्हा करावे लागते. डेटाबेस बिघडला तर पुन्हा पहिल्यापासून तपासणी. भारनियमन असलेल्या गावात यूपीएस नसेल तर कॅश मर्यादित ठेवलेली बरी. वॉलेट बंद करतानाही ‘बंद होत आहे’ ही खिडकी जाईपर्यंत मशीनचे बटण दाबू नये.

*इंटरनेट :* ३० एमबीपीएसच्या फायबरवर ६०० जीबी उतरायला साधारण ४४ तास लागतात. दिवसाला २ जीबी मिळणाऱ्या मोबाइल डेटावर हेच गणित ३०० दिवसांचे होते. पाथर्डी किंवा जामखेडच्या एखाद्या वाडीवर घरचे इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट असेल, तर पूर्ण सिंकचा हट्ट सोडलेला बरा.

*अँटिव्हायरस :* वॉलेटने लिहिलेली प्रत्येक फाइल तो तपासत बसला तर काम रेंगाळते. २०१४ मध्ये ‘स्टोन्ड’ या जुन्या व्हायरसची खूण कोणीतरी बिटकॉइनच्या व्यवहारांत टाकली होती आणि त्यामुळे खोट्या सूचना येऊ लागल्या होत्या. उपाय म्हणून फक्त ब्लॉक आणि नाण्यांच्या यादीचे फोल्डर तपासणीतून वगळावे. अँटिव्हायरस पूर्ण बंद करायला सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावे.

*आवृत्ती :* नवी आवृत्ती जुन्या ब्लॉक्समधील सह्यांची जड तपासणी टाळते, कारण ते ब्लॉक वैध असल्याची नोंद प्रोग्रॅममध्ये आधीच असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २८ व्या आवृत्तीपासून आणखी एक सोय झाली. नाण्यांच्या यादीची तयार प्रत घेऊन वॉलेट लवकर वापरात आणता येते आणि मागची तपासणी मागाहून चालू राहते. ती प्रत कोणाकडूनही घेतली तरी तिचा ठसा प्रोग्रॅममधल्या ठशाशी जुळावा लागतो. जुळला नाही तर ती नाकारली जाते.

एसएसडी, पुरेशी रॅम आणि बऱ्यापैकी फायबर असेल तर पूर्ण सिंक एक-दोन दिवसांत होऊ शकते. जुन्या हार्ड डिस्कवर तेच काम आठवडे खाते.

सगळ्यांनाच पूर्ण वॉलेट हवे का?

हवेच असे नाही. डिस्कवर जागा कमी असेल तर ‘प्रून’ हा पर्याय आहे. त्यात सगळे ब्लॉक तपासले जातात आणि जुने पुसले जातात. जागा वाचते, डाउनलोड मात्र वाचत नाही.

रक्कम थोडी असेल तर ‘इलेक्ट्रम’सारखे हलके वॉलेट मिनिटभरात तयार होते. ते पूर्ण खतावणी न ठेवता दुसऱ्यांच्या सर्व्हरला विचारते. अशा हलक्या तपासणीची कल्पना बिटकॉइनच्या २००८ च्या मूळ निबंधातही आहे. पण सोयीची किंमत असते. तुमचे पत्ते कोणते, हे त्या सर्व्हरला कळते. डिसेंबर २०१८ मध्ये भामट्यांनी स्वतःचे सर्व्हर उभे करून इलेक्ट्रम वापरणाऱ्यांना ‘वॉलेट अपडेट करा’ असा संदेश दाखवला. ज्यांनी ते बनावट अपडेट टाकले, त्यांची नाणी गेली. त्यामुळे हलके वॉलेट जरूर वापरावे, पण अपडेट नेहमी मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावे.

धोका कुठे सुरू होतो?

डिस्क, रॅम, वीज, इंटरनेट यांतल्या एकाही उपायासाठी तुमची चावी कुणाला द्यावी लागत नाही. सगळ्या विषयाची कसोटी हीच आहे. ‘सिंक अडकलेय, बारा शब्द सांगा, मी सोडवतो’, ‘स्क्रीन शेअर करा’, ‘वॉलेटची फाइल पाठवा’ असे कोणी म्हणाले की तो दुरुस्तीचा विषय राहत नाही. बारा शब्द म्हणजे संपूर्ण तिजोरी. बिटकॉइन कोअरमध्ये बारा शब्द नसतात, तिथे वॉलेटची फाइल हीच तिजोरी. मशीन दुकानात दुरुस्तीला देण्याआधी त्या फाइलचा बॅकअप घ्यावा, तिला पासवर्ड लावावा आणि शक्य असेल तर ती मशीनमधून काढून ठेवावी.

जाणकार म्हणून आलेला माणूस विश्वासू असेलच असे नाही. पुण्यात ‘गेन बिटकॉइन’ फसवणुकीच्या तपासात पोलिसांनी २०१८ मध्ये तांत्रिक मदतीसाठी तज्ज्ञ घेतले होते. त्यांतील दोघांना, एका माजी आयपीएस अधिकाऱ्यासह, पुणे पोलिसांनीच मार्च २०२२ मध्ये अटक केली. आरोपींच्या वॉलेटमधील क्रिप्टो परस्पर वळवल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. पोलिस तपासातही असा आरोप होऊ शकतो, तर घरी किंवा फोनवर ‘मदत’ करणाऱ्याच्या हाती चावी देताना किती विचार करायला हवा!

‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे वाक्य बँका आणि पोलिसांनी इतक्यांदा सांगितले की आता ते आजीआजोबांनाही पाठ आहे. वॉलेटच्या बारा शब्दांबद्दल तसे मराठीत फारसे ऐकू येत नाही. क्रिप्टोच्या नफ्यावर सरकार १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर घेते, १ जुलै २०२२ पासून व्यवहारांवर १ टक्का टीडीएसही कापला जातो. कर घेण्याइतका हा व्यवहार सरकारदरबारी खरा असेल, तर त्यातील सावधगिरीचे साधे नियमही सायबर जागृतीच्या फलकांवर आणि शाळा-कॉलेजांतील कार्यक्रमांत यायला हवेत. बँकेतल्या फसवणुकीत निदान खाते गोठवता येते. बिटकॉइनमध्ये गेलेला व्यवहार परत फिरवणारे कोणतेही कार्यालय नाही. तरीही फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवावे. नाणी एखाद्या एक्स्चेंजवर पोहोचली असतील तर ती तिथे अडवली जाण्याची शक्यता उरते.

क्रिप्टोत पैसे घालावेत की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण घातलेच असतील आणि वॉलेट संथ असेल, तर आधी डिस्क पाहा, मग कॅश, मग इंटरनेट. एवढे करूनही दोन-चार दिवस थांबावे लागले तर थांबा. तेवढ्या दिवसांत नाणी कुठेही जात नाहीत. बारा शब्द दुसऱ्याला सांगितले, तर ती काही मिनिटांत जातात.