‘मग फेकलं का नाहीस त्याला?’



‘तू तर ज्युडो शिकली होतीस ना? मग फेकलं का नाहीस त्याला?’

सोळा वर्षांच्या एका मुलीला हा प्रश्न तीन ठिकाणी ऐकावा लागला. आधी घरात, मग पोलीस ठाण्यात, मग शाळेत. त्रास देणारा माणूस रोजच्या जाण्यायेण्यातला, ती ज्याला काका म्हणायची असा. तक्रार द्यायला मी तिच्यासोबत गेले होते. विचारणाऱ्यांचा राग आलाच, पण त्याहून जास्त मला माझीच लाज वाटली. कारण ती ‘ज्युडो कार्यशाळा’ आम्हीच घेतली होती. वेळ दीड तास, मुली एकशे वीस, मागे कापडी फलक, खाली सतरंज्या. सरांनी आमच्यातल्या एकीला कंबरेवरून अलगद फेकून दाखवलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. अहवालात आम्ही लिहिलं, ‘१२० मुली स्वसंरक्षणासाठी सक्षम झाल्या.’

हे वाक्य खोटं होतं. का खोटं, ते कळायला ती फेक खरोखर कशी करतात ते पाहू या.

तिचं जपानी नाव ओ-गोशी. जिगोरो कानो यांनी १८८२ साली तोक्योत ज्युडोची शाळा काढली. तिथल्या अभ्यासक्रमात फेकींचे पाच गट आहेत आणि ही पहिल्याच गटात येते, म्हणजे नवशिक्यांची समजली जाते. समोरच्याची उजवी बाही आपल्या डाव्या हातात घट्ट धरायची. ती पुढे आणि किंचित वर अशी ओढायची की त्याच्या टाचा सुटून भार चवड्यांवर यावा. त्याच क्षणी आपलं उजवं पाऊल त्याच्या उजव्या पावलासमोर टाकायचं, उजवा हात त्याच्या बगलेखालून पाठीमागे घालायचा आणि वळून त्याच्याकडे पाठ करायची. गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या कंबरेपेक्षा खाली न्यायची आणि त्याला पाठीशी घट्ट चिकटवून घ्यायचं. मग बाही ओढत, गुडघे सरळ करत, पुढे वाकून डावीकडे वळायचं. तो आपल्या कुल्ल्यावरून फिरून पाठीवर पडतो. जोर पायांचा असतो, दंडांचा नव्हे, म्हणून अंगानं लहान मुलीलाही हे जमू शकतं.

जमू शकतं, पण सरावानं. त्याचा तोल जाण्याआधी आपण वळलो, तर आपण त्याला पाठ देऊन उभ्या असतो आणि त्याचे हात आपल्या गळ्यापाशी असतात. फेकण्याच्याही आधी पडायला शिकावं लागतं. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा आणि सबंध हात गादीवर आपटायचा. हे सतरंजीवर शिकवणं म्हणजे मनगट नाहीतर डोकं फोडून घेणं. नीट चालणाऱ्या वर्गात आधी कित्येक दिवस पडणं, मग शेकडो वेळा नुसतं वळणं आणि त्यानंतर फेक. आम्ही दीड तासात काय दिलं? मुलींना पाहायला एक खेळ आणि लोकांना विचारायला एक प्रश्न.

हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं, तेव्हा तिच्या अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, हेच कारण पुढे केलं होतं. त्याविरुद्ध बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहून यायला २०१३ साल उजाडलं. इतक्या वर्षांत जो प्रश्न आपण कोर्टातून हाकलला, तो आपल्याच कार्यशाळेच्या फलकाखालून परत आत आला आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगतात की बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत दहांपैकी नऊहून अधिक आरोपी ओळखीचे असतात. ‘काका’ची बाही धरायला हात उठत नाही. भीतीनं अंग बधिर होतं. हा भित्रेपणा नाही, कुणाचंही शरीर असं वागू शकतं. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं (पूर्वीच्या दंड संहितेत ९६ ते १०६) स्वतःच्या बचावाचा हक्क देतात. तो हक्क आहे, कर्तव्य नाही. लढली नाही म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही.

काही मैत्रिणी म्हणतील, मग हे शिकवणं बंदच करू या. मला ते पटत नाही. ‘पाय जवळ घे, कंबर हलवू नकोस, आवाज करून पडू नकोस’ असं ऐकत आपल्या मुली वाढतात. कुल्ला हा शब्दसुद्धा त्या हळू आवाजात उच्चारतात. ज्या अंगाची लाज शिकवली, त्याच अंगाच्या बळावर कुणाला तरी उचलता येतं, हे कळणं ही त्यांच्या हक्काची गोष्ट आहे. ती बायकांना सहज मिळालेली नाही. रस्टी कानोकोगी यांनी १९५९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका स्पर्धेत पुरुषाच्या वेशात उतरून कुस्ती जिंकली. बाई आहे हे कळल्यावर पदक परत द्यावं लागलं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा ज्युडो १९६४ साली आला, बायकांना पदकांसाठी १९९२ पर्यंत थांबावं लागलं.

तेव्हा शिकवायचं, पण प्रामाणिकपणे. आठ मार्चचा दीड तास बंद करून आठवड्यातून दोनदा, वर्षभर वर्ग घ्यायचा. सतरंजी नको, गाद्या हव्यात आणि त्यांचा खर्च पालिकेकडे, जिल्हा परिषदेकडे मागायचा. शिकवणारी शक्यतो बाई असावी. अहवालात ‘सक्षम’ हा शब्द लिहायचा नाही. आणि पहिल्याच दिवशी, पडायला शिकवण्याआधी, प्रत्येक मुलीला आणि तिच्या आईबापांना सांगायचं, ‘तू त्याला फेकलंस तरी आणि नाही फेकलंस तरी, गुन्हा त्याचाच.’

आणि पुन्हा कुणी विचारलंच, फेकलं का नाहीस, तर मुलीनं उत्तर द्यायचं नाही. ते आपण द्यायचं: हात का लावलास, ते आधी त्याला विचारा.