शिक्का आणि मालकी

‘महिलांच्या मालकीचा उद्योग’ हा शिक्का आज बाजारात मोलाचा ठरला आहे. अमेरिकेत नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी रुग्ण मिळवून देणाऱ्या कंपन्याही तो मिरवितात. रुग्णाची संमती कशी घेतली गेली, याच्याशी त्या शिक्क्याला कर्तव्य नसते. आपल्याकडे केंद्र सरकारने २०१८ साली सरकारी खरेदीतील ३ टक्के वाटा स्त्रियांच्या लघुउद्योगांसाठी राखला. कंपनी असेल तर मालकीची कसोटी दोन्हीकडे एकच : ५१ टक्के भाग स्त्रियांच्या नावे असावेत. परंतु नाव कोणाचे आणि सत्ता कोणाची, हा प्रश्न तेथे सुटत नाही. तेथूनच तो सुरू होतो.

सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या स्त्रियांना हे चांगले ठाऊक आहे. माण हा दुष्काळी तालुका. तेथील कष्टकरी बायकांनी, जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेल्या चेतना सिन्हा यांच्यासमवेत, स्वतःची सहकारी बँक काढावयाचे ठरविले. प्रवर्तक निरक्षर, अर्जावर अंगठे. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायकांनी काही महिने अक्षरे गिरविली आणि त्या पुन्हा अधिकाऱ्यांपुढे उभ्या राहिल्या. मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढावयास सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. भांडवल त्यांचे होते, हिशेबही त्यांना येत होता. शासनमान्य पुरावा तेवढा नव्हता.

याच्या उलट चित्र कृष्णाकाठी दिसते. रेठऱ्याचा ‘कृष्णा’ असो की सांगलीचा वसंतदादा कारखाना, सभासदत्व उसाच्या जमिनीला चिकटलेले. सातबारा बहुधा पुरुषाच्या नावे. म्हणून खुरपणारी, मोळ्या बांधणारी बाई सहकाराच्या दाराबाहेर. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, ती याचसाठी. (सहकाराचे गोडवे गाणाऱ्या आपल्या पक्षांना ती सुचली नाही, हे नमूद केलेले बरे.)

आता ३ टक्क्यांच्या मोहाने पत्नीचे नाव पुढे करून पतीने धंदा चालविणे मुळीच अवघड नाही. म्हणून दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याने भागपत्रकावर थांबू नये. धनादेशावर सही कोणाची, कर्ज कोणी ठरविले, नफा कोणाच्या खात्यात गेला, हे त्याने त्या बाईलाच, घरचे पुरुष समोर नसताना, विचारावे.